कामणचे गवत

मुंबईच्या माणसाला कामण ठाऊक असण्याचे तसे काही कारण नाही. तिथे महाबळेश्वरची थंड हवा नाही, की माथेरानची झुकझुक गाडी नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. पण त्या वसईपासून अवघ्या काही कोसांवर, तुंगारेश्वराच्या डोंगराला पाठ टेकून बसलेल्या या गावाचे नाव फार थोड्यांच्या कानावरून गेले असेल. वसई रोडहून दिव्याकडे निघालेली गाडी जूचंद्र सोडून पुढे आली, की ‘कामण रोड’ नावाचे स्टेशन लागते. मोटारीने यायचे तर मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर चिंचोटीला उजवीकडे वळायचे आणि भिवंडीकडे निघालेल्या कंटेनरांच्या रांगेत निमूटपणे सामील व्हायचे. या रस्त्यावर घाई करून भागत नाही; आणि कोणी करू म्हणेल, तर खड्डे करू देत नाहीत.

या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता पत्र्याची गोदामे आहेत, कारखान्यांचे गाळे आहेत, आणि मधूनमधून कमानी लावलेली ‘लॉन्स’ आहेत. परगावच्या वाचकाचा गैरसमज नको म्हणून सांगतो, आपल्याकडे ‘लॉन्स’ म्हणजे लग्नाचे कार्यालय. तिथे हिरवळ असेलच असे नाही. असलीच तर बहुधा प्लास्टिकची, आणि तिच्यावर आइस्क्रीमच्या कपांची रांगोळी. खरी हिरवळ म्हणजे काय, ती कशी राखतात आणि ती राखण्याच्या नादात माणसाचे काय होते, हे मला कामणलाच कळले. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

आमचा कामणला साडेतीन एकरांचा माळ आहे. सातबाराच्या उताऱ्यावर त्याला ‘वरकस’ म्हणतात. वरकस म्हणजे भात न पिकणारी चढउताराची जमीन. कधी नाचणी, कधी वरी, आणि एरवी गवत. परक्या माणसाला ती पडीक वाटते. पण ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या शेतकऱ्याला विचारा. वरकस नसेल तर त्याचे भातच उभे राहत नसे. उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी ठेवलेल्या तुकड्यावर शेण, टहाळ, पाचोळा आणि गवत यांचे थर घालायचे, वर माती पसरायची आणि हळूहळू जाळायचे. याला राब भाजणे म्हणतात. त्याने तण मरते, माती मोकळी होते आणि पहिल्या पावसावर टाकलेले रोप तरारून येते. इंग्रजी अमदानीत जंगलखात्याने राबासाठी टहाळ तोडण्यावर बंधने घातली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतकी ओरड झाली, की १८८५ साली सरकारला त्यासाठी कमिशन नेमावे लागले.

राबाला लागून उरलेले गवत मुंबईला जाई. मुंबईत १८७४ साली ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. शिवाय व्हिक्टोरियाचे घोडे होते, तबेल्यांतल्या म्हशी होत्या. या साऱ्यांची पोटे ठाणे जिल्ह्याच्या माळांवर भरत. माझ्या लहानपणी घोडे संपत आले होते, पण म्हशी होत्या. दसरा उलटला की वडील आम्हां दोघां भावांना घेऊन कामणला येत. माळ छातीइतका उंच आणि सोन्यासारखा पिवळा झालेला असे. पाड्यावरची माणसे ओळीने बसून विळ्याने तो कापीत पुढे सरकत, मागे बाया पेंढ्या बांधीत. संध्याकाळी गंज्या उभ्या राहत. आम्ही त्यांवर उड्या मारीत असू आणि कुसळे टोचली म्हणून रात्री रडत असू. वडील व्यापाऱ्याचे पैसे मोजून घेत आणि त्यातले थोडे कापणाऱ्यांना देत. ते ‘थोडे’ किती थोडे होते, हे तेव्हा आमच्या ध्यानात येत नव्हते.

गवत कापण्याच्या या मजुरीला मोठा इतिहास आहे. १९४५ च्या ऑक्टोबरात उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी विळे खाली ठेवले ते याच हंगामात. पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये एवढीच त्यांची मागणी होती. तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो सारा काळ आहे. आमच्या कामणच्या माळावर तसे काही घडले नाही. पण ते पुस्तक मी कॉलेजात असताना वाचले आणि त्या वर्षी दसऱ्यानंतर वडिलांच्या शेजारी बसून पैसे मोजायला मी काही गेलो नाही. पराक्रम म्हणावा तर एवढाच. बाकी मजुरीबद्दल वडिलांशी बोलण्याचे धैर्य मला झाले नाही.

आता अण्णाकडे वळतो. अण्णा माझा थोरला भाऊ. तरुणपणी इंग्लंडला गेला आणि यॉर्क शहरात स्थायिक झाला. वहिनी गिरगावच्या चाळीतल्या. कुंडीतल्या तुळशीपलीकडे त्यांचा मातीशी संबंध आलेला नव्हता. पण यॉर्कच्या घरामागे चाळीस फूट लांब आणि तीस फूट रुंद अशी हिरवळ होती, आणि त्या चाळीस बाय तीस फुटांवर वहिनींनी आयुष्याची तीस वर्षे ओतली.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्यांनी मला या विद्येचा ओनामा शिकवला. इंग्लंडात पूर्वी हिरवळ म्हणजे सरदारांची मिरास होती. ती राखायला कोयतीसारखी लांब पाती चालवणारे मजूर लागत, नाही तर मेंढ्या. मग ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने कापडगिरणीतले लव कातरण्याचे यंत्र पाहून गवत कातरण्याचे यंत्र बनवले आणि १८३० साली त्याचे पेटंट घेतले. तेव्हापासून कारकुनाच्या दारातही हिरवळ आली.

“भाऊजी, गवताचा जीव शेंड्याला नसतो, बुडाशी असतो,” वहिनी सांगत होत्या. “म्हणून तर ते कापलं तरी मरत नाही. पण एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही. पान हे त्याचं स्वयंपाकघर. ते सगळंच काढून घेतलं तर मुळांनी खायचं काय?”

त्यांचे पंचांग असे. वसंतात जमीन कोमट झाली की पहिली कापणी, तीही वरवरची. आणि नत्राचे खत. उन्हाळ्यात दीड इंच उंची राखायची, कोरड पडली तर आणखी वाढू द्यायची, म्हणजे मुळांवर सावली राहते. सप्टेंबर हा खरा कामाचा महिना. दातेरी फणीने मेलेले गवत आणि शेवाळ ओरबाडून काढायचे. बागेचा काटा चार-चार इंच खोल रोवून भोके पाडायची, कारण वर्षभर चालून चालून माती दबलेली असते आणि मुळांना हवा मिळत नाही. त्या भोकांत वाळू आणि कुजलेले खत झाडून भरायचे. विरळ जागी नवे बी टाकायचे. माती अजून उबदार असते आणि पाऊस सुरू झालेला असतो. शरदात खत द्यायचेच तर पालाशाचे, नत्र फार नको, नाही तर कोवळी वाढ थंडीत सापडते. आणि हिवाळ्यात दहिवर गोठले असेल तेव्हा हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. गोठलेली पाने पायाखाली मोडतात आणि दोन दिवसांनी पावलांचे काळपट ठसे उठतात. चोर आला तरी त्याला बाजूने जायला सांगायचे, असे अण्णा म्हणत असे.

त्या वर्षी इंग्लंडात कडक उन्हाळा पडला होता. यॉर्कला वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्या वसईत दोन हजारांच्या वर. पण तिथला पाऊस बाराही महिने थोडा थोडा येतो, आणि त्यावरच हिरवळ जगते. त्या जून-जुलैत तो जवळजवळ आलाच नाही. साऱ्या गल्लीतल्या हिरवळी तांबूस पिवळ्या पडल्या. मी कामणचा माणूस. मला वाटले, मेले सगळे! मी नळी घेऊन निघालो तेव्हा वहिनींनी हात धरला.

“मेलं नाही ते, निजलंय. उगाच पाणी घालून जागं करू नका. अर्धवट जागं केलेलं माणूस आणि गवत, दोन्ही चिडतात.”

आणि खरेच, सप्टेंबरात मी परतल्यावर अण्णाने फोटो पाठवला. पहिल्या दोन पावसांत ती हिरवळ उठून बसली होती.

२०२३ च्या फेब्रुवारीत वहिनी गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात अण्णा आला तो दोन बॅगा आणि एक वेड घेऊन. कामणच्या माळावर, आमच्या जुन्या कौलारू खोपटासमोर, चाळीस बाय तीसची हिरवळ करायची आणि फेब्रुवारीतले वर्षश्राद्ध तिच्यावर करायचे.

इथे मला माझी बाजू सांगितली पाहिजे. मला तो माळ विकायचा होता. गवताला आता गिऱ्हाईक उरले नव्हते म्हटले तरी चालेल. हायवेच्या बाजूचे तबेलेवाले थोडेफार घेत, आणि उरलेले दर उन्हाळ्यात कोणाच्या तरी विडीने पेटे. गोदामासाठी जागा शोधणारा एक दलाल वर्षभर माझ्या मागे होता. मुलाने विरारला फ्लॅट घेतला होता आणि कर्जाचा हप्ता त्याच्या मानेवर बसला होता. अण्णाची सही मिळाली की संपले, असा माझा हिशेब. म्हणून मी त्याच्या हिरवळीला विरोध केला नाही. म्हटले, करून घेऊ दे श्राद्ध. मन हलके झाले की सही करील. थोरल्या भावाच्या दुःखाचा हिशेबात उपयोग करण्याइतका मी व्यवहारी झालो होतो, हे लिहिताना आज बरे वाटत नाही.

अण्णाने माती तपासून घेतली, दगड वेचले, सपाटी केली. बी विमानातून आणायला परवाना लागतो. त्या भानगडीत तो पडला नाही. इथल्याच एका बियाणेवाल्याकडून त्याने रायग्रास मागवले. थंड मुलखातले हे गवत आपल्याकडेही गुरांच्या चाऱ्यासाठी हिवाळ्यात पेरतात. चौरस मीटरला ३५ ग्रॅम या मानाने चार किलो बी पडले. बोअरवेलला नळी जोडली, तुषार उडवणारी तोटी बसवली.

आमचा माळ कापणाऱ्यांतला एक म्हातारा रोज येऊन बसे आणि विडी ओढीत हा सोहळा बघे. त्याची आई आमच्या वडिलांच्या वेळी कापणीला असे. माळभर कंबरेइतके गवत उभे असताना मधला तुकडा साफ करून त्यावर पुन्हा गवतच पेरणारा माणूस त्याने जन्मात पाहिला नव्हता. चौथ्या दिवशी त्याला राहवेना.

“शेट, गवत लावायचं नसतं. गवत येतं.”

अण्णा हसला. पण आठव्या दिवशी मातीवर हिरवी लव दिसू लागली, तेव्हा हसण्याची पाळी त्याची होती. डिसेंबर-जानेवारीत कामणच्या रात्री गार असतात. डोंगरावरून वारा उतरतो. त्या गारव्यात रायग्रास असे फोफावले, की चिंचोटीच्या धबधब्याकडे निघालेल्या पोरांच्या मोटारसायकली वाट वाकडी करून ते बघायला थांबू लागल्या. सभोवार पिवळा, वाळलेला माळ, मागे तुंगारेश्वराची काळपट भिंत, आणि मध्ये हा पाचूचा गालिचा! अण्णा दर रविवारी यंत्राने तिसरा हिस्सा कातरी आणि कातरलेले गवत म्हाताऱ्याच्या शेळ्यांना देई. फेब्रुवारीत वर्षश्राद्ध झाले. पान वाढून अण्णा हिरवळीवर उभा राहिला. कावळा आला, पानाला शिवला आणि ऐटीत त्या हिरवळीवरून चालत गेला. “पाऊल टाकू नकोस म्हणून हिनं ओरडलं असतं त्याला,” अण्णा म्हणाला, आणि आम्ही दोघेही तिकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिलो.

सहीचा विषय मी त्या दिवशी काढायचा ठरवला होता. काढला नाही.

मार्च उजाडला आणि चित्र पालटले. हिरवळीच्या कडा पिवळ्या पडू लागल्या. अण्णाने उंची वाढवली, पाणी वाढवले. हिरवळीचे क्षेत्र धरले तर १११ चौरस मीटर. रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हणजे साडेपाचशे लिटर झाले. हंड्याच्या हिशेबात छत्तीस-सदतीस हंडे. आणि हा हिशेब आम्ही केला नाही, आमच्याकडून करवून घेतला गेला. पाड्याची विहीर होळीच्या आसपास तळाला जाते. एके सकाळी तिथली एक बाई डोक्यावर रिकामा हंडा घेऊन कुंपणाशी उभी राहिली. तोटी गरगर फिरत होती, पाणी उडत होते, आणि ती नुसती बघत होती. कितीतरी वेळाने तिने विचारले,

“शेट, एक हंडा भरू का?”

अण्णा उठला. त्याने तोटी काढली, नळी तिच्या हंड्यात सोडली. मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. दहा वाजेपर्यंत रांग लागली होती. संध्याकाळी त्याने तोटी कापडात गुंडाळून बॅगेत ठेवली ती पुन्हा काढली नाही. मी म्हटले, “अरे, एक वेळ त्यांना, एक वेळ हिरवळीला देऊ.” तो म्हणाला, “वाईट वाटतं ते पाण्याचं नाही. ती मागत होती आणि मला तिच्याआधी ते गवत दिसलं, त्याचं वाटतं.”

खरे म्हणजे पाणी देऊनही ती हिरवळ जगली नसती. गवतांत दोन घराणी आहेत. रायग्रास, गहू, भात ही एका घराण्याची. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर करण्याची त्यांची रीत जुनी आणि साधी आहे; पण ऊन तापले की त्या यंत्रणेत चूक होऊ लागते. कार्बन डायऑक्साइडच्या जागी ती प्राणवायू पकडते आणि कमावलेले उधळून टाकते. भाताने त्यातूनही आपल्या हवेशी जमवून घेतले आहे. रायग्रासला ते जमत नाही. ऊस, ज्वारी, मका, हरळी आणि आमच्या माळावरची कुसळी, मारवेल, पवन्या ही दुसऱ्या घराण्याची. ती कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून आतल्या पेशींत कोंडतात आणि मगच साखर करायला घेतात, त्यामुळे उन्हात त्यांची चूक होत नाही. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघा शास्त्रज्ञांनी १९६६ च्या सुमारास उसाच्या पानांवर काम करून ही रीत उलगडली. जे यॉर्कला पंधरा-वीस अंशांत सुखी असते ते कामणच्या चैत्रात घरच विसरते. अमेरिकेच्या उष्ण भागातले गोल्फवाले हे जाणून असतात. ते उन्हाळ्यात हरळी राखतात आणि हिवाळ्यात ती निजली की तिच्यावर रायग्रास पेरतात. आपण गणपतीला एकवीस जुड्या वाहतो त्याच दूर्वेवर तिकडे साहेब चेंडू टोलवतो!

एप्रिलच्या मध्यावर हिरवळ संपली. निजली नाही, संपली. हे अण्णालाही कळले. तो खोपटाच्या ओट्यावर तासन् तास बसून राही. दलाल एकदा येऊन कागद ठेवून गेला. तो पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये खाटेखाली पडून होता, आणि अण्णाने एकदा मला विचारलेही, “किती देतो म्हणतो तो?” मी आकडा सांगितला. त्याने मान हलवली. आता चार दिवसांत सही होणार, असे मी मुलाला फोनवर कळवून टाकले.

पण अण्णा म्हणाला, एक पाऊस बघून जातो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस उतरला. कामणचा पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. कामणदुर्ग दिसेनासा होतो, मग तुंगारेश्वर, मग समोरचा आंबा. चार दिवसांनी उघडीप पडली तेव्हा सारा माळ हिरवा झाला होता. आणि अण्णाच्या त्या मेलेल्या चाळीस बाय तीस तुकड्यातही हिरवे कोंब होते. आम्ही वाकून पाहिले. कडेने हरळीने धावऱ्या टाकल्या होत्या. मध्ये मारवेल होते, कुसळी होती, आणि नाव ठाऊक नसलेली दहा-बारा रोपे. सपाटी केलेली, दगड वेचलेली माती. तिथे तर ती इतर माळाहून जोमाने आली होती.

म्हातारा विडी पेटवीत म्हणाला, “आलं.” एवढेच.

अण्णाला मग नवाच छंद लागला. वही घेऊन तो माळावर फिरे आणि म्हाताऱ्याला एकेका गवताचे नाव विचारी. म्हातारा नावाबरोबर गुणही सांगे: हे म्हशीला चालते, हे घर शाकारायला, हे फुलोऱ्याआधी कापले तरच गुरे खातात, मागून कुसळे तोंडात रुततात. एका संध्याकाळी अण्णाने मला इंग्लंडातल्या रॉथम्स्टेड संशोधन केंद्राची हकीकत सांगितली. तिथे १८५६ पासून एका कुरणाचे तुकडे पाडून प्रयोग चालू आहे, अजून थांबलेला नाही. ज्या तुकड्यांना नत्र भरपूर मिळाले तिथे गवत खूप, पण जाती मूठभर. ज्यांना काहीच दिले नाही तिथे गवत बेताचे, पण जाती चाळीसच्या घरात. “आमच्या हिनं तीस वर्षं त्या हिरवळीतनं एकेक वेगळं पान उपटून काढलं,” तो म्हणाला. “सुंदरच होती ती. पण एवढी नावं तिच्यात नव्हती.”

श्रावणात तेरडा फुलला, भाद्रपदात गवत कमरेला आले, आणि २०२४ चा दसरा होऊन गेल्यावर म्हाताऱ्याने निरोप पाठवला. माळ पिकला होता. कापणारे आता दहाच होते. तरुण पोरे गोदामांत हमालीला जातात, तिथे रोज जास्त पडतो आणि कुसळे टोचत नाहीत. मजुरी किती, हे या वेळी अण्णाने आधी विचारले आणि म्हाताऱ्याने सांगितली तेवढी कबूल केली. गवताच्या विक्रीतून ती निघाली नाही. पदरचे घालावे लागले. म्हणजे धंदा म्हणून पाहिले तर हा शुद्ध तोटा आहे, हेही वाचकांपासून लपवीत नाही.

चाळीस बाय तीसचा तुकडा मात्र म्हाताऱ्याने तसाच ठेवला. शेवटच्या दिवशी त्याने अण्णाच्या हाती विळा दिला. “हे तुमचं. तुम्ही कापा.”

चौऱ्याहत्तर वर्षांचा माझा भाऊ धोतराचा नव्हे, पण पँटचा काचा मारून बसला. डाव्या मुठीत गवत धरले आणि उजव्या हाताने विळा ओढला. पहिल्या दोन-तीन मुठी झाल्यावर म्हातारा खो खो हसू लागला, बायाही हसू लागल्या. अण्णाने सवयीने वरचा तिसरा हिस्साच कापला होता!

“शेट, गवत कापताय का पोराचं जावळ काढताय? खालून घ्या, बुडाशी. घाबरू नका. परत येतं.”

अण्णानेही हसत मूठ खाली नेली. अर्धा तुकडा त्याने कापला, उरलेला मी. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना अंथरुणातून उठवेना.

त्या रात्री खोपटात पणत्या लावल्या. खाटेखालची फाइल अण्णाने बाहेर काढली, उघडली आणि माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, “माझा अर्धा वाटा तू म्हणशील तर सही करतो. तुझ्या पोराची अडचण मला दिसते. पण तू म्हण.”

मी दिवसभर कापलेल्या गवताचा वास हातांना येत होता. विकू या, असे म्हणायला मी वर्षभर वाट पाहिली होती. मी म्हटले, “यंदा नको.”

अण्णा डिसेंबरात यॉर्कला परतला. मुलाचा हप्ता चालूच आहे. माझ्या निवृत्तिवेतनातून मी त्यात भर घालतो, आणि सूनबाई याबद्दल माझ्याशी काही बोलत नाहीत, ते मला कळते. दलालाचा फोन दर महिन्याला येतो. पुढेमागे शेजारच्या माळांसारखा आमचाही माळ पत्र्याखाली जाणार नाही, अशी शपथ मी घेऊ शकत नाही. पाड्यावरच्यांसाठी बोअरवेलला कुंपणाबाहेर एक नळ काढून दिला आहे, एवढे मात्र कायमचे झाले.

या उन्हाळ्यात अण्णाने यॉर्कहून फोटो पाठवला. हिरवळीच्या मागच्या अर्ध्या भागावर त्याने यंत्र चालवणे थांबवले आहे. गवत गुडघाभर वाढले आहे, त्यात डेझी आणि क्लोव्हरची फुले आली आहेत. खाली लिहिले होते, “लावलं नाही. आलं.”

मी तो फोटो म्हाताऱ्याला दाखवला. त्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला आणि विचारले, “हे कापायला तिकडं माणसं मिळतात का?”

यंदाही दसऱ्यानंतर त्याचा निरोप येईल. विळ्याला धार लावून ठेवली आहे.